बेराच्या रिपोर्टनंतरचा पहिला फोन : कर्णबधिर मुलांच्या पालकांनी एकमेकांना आधार कसा द्यावा

मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात श्रवणतपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळी तासभर बसले, तर एक दृश्य हमखास दिसते. एखादी आई मांडीवरच्या बाळाच्या तळपायांना गुदगुल्या करून, ओल्या रुमालाने त्याचे तोंड पुसून त्याला जागे ठेवण्याचा आटापिटा करत असते. बेरा तपासणीसाठी बाळ गाढ झोपलेले लागते. त्याच्या डोक्याला व कानाजवळ लावलेल्या इलेक्ट्रोडमधून आवाजाला मज्जातंतूंनी दिलेला प्रतिसाद नोंदवला जातो आणि बाळ हलले की नोंद बिघडते. म्हणून कल्याणहून किंवा विरारहून निघाल्यापासून लोकलमध्ये तिने त्याचा डोळा लागू दिलेला नसतो. शेवटी नंबर यायच्या अर्धा तास आधी ते झोपतेच. तेव्हा शेजारी बसलेली दुसरी बाई, जिच्या मुलाच्या कानामागे आधीच मशीन, म्हणजे श्रवणयंत्र आहे, तिला हळूच म्हणते, ‘‘आता उठवू नका, आत जाऊन सांगा की बाळ झोपलंय. आणि पुढच्या वेळी दूध इथे आल्यावरच पाजा, गाडीत नको.’’

त्या बाईने जे केले तेच थोडे नियमितपणे, थोडे विचारपूर्वक आणि काही पथ्ये पाळून कसे करता येईल, हे इथे सांगायचे आहे. चौदा वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका बाकावर बसले होते. माझा मुलगा आता दहावीत आहे आणि गेली नऊ वर्षे विक्रोळी ते दादर या पट्ट्यातल्या काही कुटुंबांच्या एका छोट्या गटात मी काम करते. आमचा गट नोंदणीकृत संस्था नाही, आम्हाला कार्यालय नाही आणि आमच्यापैकी कोणीही ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ नाही. पुढे जे लिहिले आहे ते या मर्यादेतून पाहिलेले आहे.

दुसरा पालकच का लागतो

कर्णबधिर मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात. याचा अर्थ असा, की मुलाला ऐकू येत नाही हे कळते त्या दिवशी घरातल्या कोणालाही, अगदी चार मुले वाढवलेल्या आजीलाही, या मुलाला कसे वाढवायचे याचा अनुभव नसतो. ताप आला, दात आले, मूल चालायला उशीर करू लागले, तर सल्ला देणारी दहा माणसे चाळीत किंवा सोसायटीत भेटतात. इथे मात्र सगळे गप्प होतात किंवा ‘‘बोलेल गं, ह्याचे काकाही उशिराच बोलले’’ असे म्हणून वेळ मारून नेतात. डॉक्टर तपासणीचा अर्थ सांगतात, ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीच्या मॅडम आठवड्यातून एक-दोनदा पाऊण तास शिकवतात. उरलेले सगळे तास घरात काढायचे असतात, आणि त्या तासांविषयी बोलायला ते तास काढलेलाच माणूस लागतो.

ही कल्पना नवीन नाही. लॉस एंजेलिसमध्ये लुईझ ट्रेसी यांनी, ज्यांचा मुलगा जॉन कर्णबधिर होता, १९४२ साली इतर मातांना एकत्र करून काम सुरू केले आणि त्यातून जॉन ट्रेसी क्लिनिक उभे राहिले. ब्रिटनमधील नॅशनल डेफ चिल्ड्रन्स सोसायटी ही संस्था १९४४ साली पालकांच्याच एका गटाने स्थापन केली. अमेरिकेत १९९६ मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेल्या हँड्स अँड व्हॉइसेस या पालकांच्या संघटनेने पुढे अनुभवी पालकांना रीतसर प्रशिक्षण देऊन नवीन कुटुंबांकडे पाठवण्याची पद्धत बसवली. या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘प्रशिक्षण देऊन’ ही अट. केवळ स्वतःच्या मुलाला ऐकू येत नाही एवढ्यावर दुसऱ्याला आधार देता येतोच असे नाही, हे मी चूक करून शिकले.

एक चूक, आणि तिच्यातून आलेला नियम

गट सुरू करून वर्षही झाले नव्हते. एका ओळखीतून एका आईचा फोन आला; मुलगी दीड वर्षाची, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. माझ्या मुलाचे कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या मज्जातंतूला थेट संकेत देणारे यंत्र कानात आत बसवण्याचे ऑपरेशन, झालेले होते, तो तेव्हा पहिलीत होता आणि पाढे म्हणत होता. मी उत्साहाच्या भरात तिला सांगितले, की अजिबात वेळ घालवू नका, ऑपरेशन करून टाका, वर्षभरात मुलगी बोलायला लागेल. तिने घरी सासरच्यांना तसे सांगितले, गावाकडची जमीन गहाण ठेवण्याची बोलणी झाली. ऑपरेशनपूर्वी जो एमआरआय करावा लागतो त्यात असे दिसले, की मुलीची ऐकण्याची मज्जातंतूच दोन्ही बाजूंना नीट तयार झालेली नाही आणि त्या परिस्थितीत इम्प्लांटचा उपयोग होईल याची खात्री डॉक्टर देऊ शकले नाहीत. त्यानंतर त्या आईने माझा फोन उचलला नाही. तिची चूक होती असे मला कधीच वाटले नाही.

तेव्हापासून आमच्या गटात एकच नियम आहे, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक मदतनीस पालकाला तो पहिल्या दिवशी सांगितला जातो : आपल्या मुलाचे सांगायचे, दुसऱ्याच्या मुलाचे ठरवायचे नाही. ‘‘आम्ही इम्प्लांट केले, त्याआधी आम्हाला या गोष्टींची भीती वाटत होती, नंतर असे झाले’’ हे वाक्य चालते. ‘‘तुम्ही इम्प्लांट करा’’ किंवा ‘‘करू नका’’ हे चालत नाही. ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येते त्याचा आलेख, पाहून ‘‘याला मशीनने भागेल’’ असे म्हणणे तर मुळीच नाही. हा नियम ऐकायला सोपा आहे, पण पाळायला अवघड, कारण समोरची आई अक्षरशः विनवणी करत असते की ‘‘ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, तेवढं सांगा.’’ अशा वेळी आम्ही निर्णय देण्याऐवजी प्रश्नांची यादी देतो : डॉक्टरांना काय विचारायचे, कोणता कागद मागायचा, दुसरे मत कुठे घेता येईल.

पहिला फोन कसा करावा

निदान झालेल्या घराशी होणारे पहिले बोलणे हा या कामाचा गाभा आहे. त्यावर बाकी सगळे अवलंबून असते, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

फोन करण्याआधी परवानगी घ्यावी. ऑडिओलॉजिस्टकडून किंवा शाळेतून परस्पर नंबर घेऊन ‘‘तुमच्या बाळाबद्दल कळलं’’ असे कोणी अनोळखी माणूस म्हणाले, तर ते कुटुंब घाबरते. काही घरांत तर सासूसासऱ्यांनाही अजून सांगितलेले नसते. त्यामुळे आम्ही आमच्या गटाचा नंबर लिहिलेली छोटी चिठ्ठी थेरपीच्या ठिकाणी ठेवतो आणि फोन त्यांच्याकडून येऊ देतो. आला, की आधी विचारतो, ‘‘आता बोलायला मोकळ्या आहात का, की नंतर करू?’’ घरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील तर आईला मोकळेपणाने बोलता येत नाही. पुष्कळ जणी गच्चीवर, जिन्यात किंवा भाजी आणायला बाहेर पडल्यावर फोन करतात, हे लक्षात ठेवावे.

नंतर ऐकावे. पहिल्या वीस मिनिटांत आपल्या मुलाची यशोगाथा सांगायची नाही. समोरची व्यक्ती रडली तर रडू द्यावे. ‘‘रडू नका’’ म्हणणे हा आपल्या अस्वस्थतेवरचा इलाज असतो, तिच्या नाही. ती सांगेल, की ताटली वाजवली तर बाळ वळून पाहते, मग रिपोर्ट चुकीचा तर नसेल? याचे उत्तर अनुभवातून देता येते, की आमच्याकडेही असेच व्हायचे, आणि मग कळले की जवळ ताटली आपटली तर कंप जाणवतो, हवेची झुळूक लागते, सावली हलते. शिवाय काही मुलांना मोठे आवाज थोडेफार ऐकू येतही असतात, पण बोलणे कळण्याइतके नाही. मात्र रिपोर्ट बरोबर की चूक हे आपण सांगायचे नाही. शंका असेल तर पुन्हा तपासणी करून घेण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, एवढे म्हणावे.

जगभर मानला जाणारा एक आडाखा आहे, की पहिल्या महिन्यात नवजात बाळाची श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत मदत सुरू व्हावी. मदतनीस पालकाला तो माहीत असावा, पण समोर अडीच वर्षांच्या मुलाची आई असेल तर तो उच्चारू नये. तिला उशीर झाल्याचे ती रोज रात्री स्वतःलाच सांगत असते. तिच्या हातात आज काय आहे तेवढेच बोलावे.

आणखी एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये येतो, कधी उघड तर कधी आडवळणाने : दोष कोणाचा? ग्रहणात सुरी हातात धरली होती, गरोदरपणात पपई खाल्ली होती, ‘‘तुझ्याच माहेरून आलं’’ असे सासूबाई म्हणतात. इथे वस्तुस्थिती ठामपणे सांगायला हरकत नाही. जन्मजात किंवा अगदी लहानपणी येणाऱ्या कर्णबधिरतेची कारणे अनेक असतात. गरोदरपणातील रुबेलासारखे संसर्ग, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही त्यांतली काही. जिथे कारण आनुवंशिक असते तिथेही बहुतेक वेळा आई आणि वडील या दोघांकडून एकेक जनुक आलेले असते, आणि ते दोघेही स्वतः व्यवस्थित ऐकत असतात. म्हणजे एका बाजूच्या घराण्यावर बोट ठेवायला जागाच उरत नाही. ग्रहण आणि पपई यांचा काही संबंध नाही. हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटले असेल याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी पलीकडे काही क्षण शांतता पसरते.

फोन संपवताना पुढचा फोन कधी होईल ते ठरवावे, आणि ठरलेल्या दिवशी तो करावाच. ‘‘काही लागलं तर सांगा’’ हे वाक्य आम्ही वापरत नाही; ज्याला खरोखर काही लागते तो सहसा सांगत नाही.

शब्दांविषयी

‘मूकबधिर’ हा शब्द अजून शाळांच्या जुन्या पाट्यांवर आणि नातेवाइकांच्या तोंडी आहे. मूल मुके नसते. ऐकू न आल्यामुळे बोलणे आपोआप येत नाही, एवढेच. आम्ही कर्णबधिर म्हणतो, आणि ज्यांना थोडे ऐकू येते त्यांच्या बाबतीत ‘कमी ऐकू येते’ असे साधे बोलतो. पण नवीन आईने जुना शब्द वापरला तर पहिल्याच भेटीत तिला दुरुस्त करू नये. दोन-तीन महिन्यांत ती स्वतःच शब्द बदलते.

एकत्र भेटणे

तीन कुटुंबे पुरेशी असतात. पंधरा जमेपर्यंत थांबणाऱ्यांचा गट सुरूच होत नाही, असे मी पाहिले आहे.

मुंबईत जागेपेक्षा रेल्वेमार्ग आधी पाहावा लागतो. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांवरची कुटुंबे असतील तर दादर सोयीचे पडते. हार्बरवरची असतील तर कुर्ला किंवा वांद्रे. आम्ही महिन्यातून एका रविवारी सकाळी साडेदहा ते साडेबारा भेटतो, कारण तोपर्यंत घरातला स्वयंपाक उरकता येतो आणि रविवारी गाड्यांना तुलनेने गर्दी कमी असते. मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते मात्र आदल्या दिवशी पाहून कळवावे लागते. जागा म्हणून शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, सोसायटीचे सभागृह असे काहीही चालते, परंतु दोन गोष्टी पाहाव्यात. खोलीत आवाज घुमता कामा नये, कारण मशीन किंवा इम्प्लांट लावलेल्या मुलांना घुमणाऱ्या खोलीत बोलणे कळत नाही. आणि उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडायला हवा, पाठीवर नाही. सुरुवातीला आमची बैठक एका मंगल कार्यालयाच्या मोकळ्या हॉलमध्ये होत असे. तिथे आवाज इतका घुमायचा, की कर्णबधिर मुलांसाठी भरवलेल्या बैठकीत मुलेच सर्वाधिक वैतागलेली असत, आणि ही गोष्ट आमच्या लक्षात यायला चार महिने लागले.

बैठकीत भाषण ठेवू नये. तज्ज्ञांना वर्षातून दोन-तीनदाच बोलवावे, नाही तर पालक श्रोते होऊन बसतात. आम्ही गोल बसतो, प्रत्येक जण या महिन्यात काय जमले आणि काय अडले ते सांगतो, आणि एका अडचणीवर सगळे मिळून बोलतो. मुलांसाठी शेजारीच चटई आणि खेळ असतात. त्यांच्यापाशी नेहमी दोन मोठी माणसे असावीत, एकटे कोणी नाही, आणि हा नियम आपल्या माहितीतल्या माणसांनाही लागू करावा.

वडील येत नाहीत ही सर्वत्र ऐकू येणारी तक्रार आहे. आमच्याकडे ती थोडी कमी झाली, कारण आम्ही वडिलांना चर्चेला बोलावणे सोडले आणि काम द्यायला सुरुवात केली. एकाने प्रमाणपत्राच्या अर्जाची माहिती गोळा केली, दुसऱ्याने मशीन दुरुस्तीचे दर विचारून आणले. हातात काम असले की माणूस येतो आणि आला की कधीतरी बोलतोही. आजीला आवर्जून बोलवावे. दिवसभर मूल तिच्याजवळ असते, आणि ‘‘ते यंत्र लावून त्याचा कान दुखतो’’ असे म्हणून मशीन काढून कपाटात ठेवणारी व्यक्तीही पुष्कळदा तीच असते. दुसऱ्या आजीने तिला समजावले तर पटते. सुनेने समजावले तर भांडण होते.

व्हॉट्सॲप गटावर अपेक्षा कमी ठेवाव्यात. तिथे बैठकीची वेळ, मेगाब्लॉक, सेल कुठे मिळतात एवढेच चालू द्यावे. मुलांचे फोटो, रिपोर्ट आणि आधार कार्ड टाकू नयेत, कानात तेल घालून ऐकू येऊ लागल्याचे व्हिडिओ आले तर गटप्रमुखाने ते त्याच दिवशी काढावेत, आणि शुभ सकाळ पहिल्या आठवड्यातच बंद करावी.

रोजच्या उपयोगाचे

पालकांच्या गटाची खरी संपत्ती म्हणजे अशी माहिती, जी मशीनच्या खोक्यातल्या पुस्तिकेत छापलेली असते, पण कोणी वाचलेली नसते. मुंबईच्या पावसाळ्यात श्रवणयंत्र दमटपणामुळे बंद पडणे ही जून ते सप्टेंबरमधली रोजची रड आहे. रात्री मशीन काढले की सेल बाहेर काढून, झाकण उघडे ठेवून, सिलिका जेल असलेल्या घट्ट डबीत ठेवावे. जेलच्या मण्यांचा रंग बदलला की ते पुन्हा कोरडे करावेत किंवा बदलावेत. नेहमीचे सेल झिंक-एअर प्रकारचे असतात. त्यांच्यावरचा रंगीत कागद काढल्यावर हवा आत जाऊन ते सुरू होतात, म्हणून कागद काढून मिनिटभर थांबूनच सेल बसवावा, आणि एकदा काढलेला कागद परत चिकटवून सेल वाचत नाही. नारिंगी कागद १३ नंबरचा, निळा ६७५ नंबरचा. दुकानदाराला रंग सांगितला तरी कळते. वापरलेले सेल मुलाच्या हाती लागू देऊ नयेत, आणि मुलाने सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

मशीनमधून शिट्टी वाजू लागली, की बहुधा मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला कानात बसणारा भाग, सैल झालेला असतो. लहान मुलांचा कान भराभर वाढतो, त्यामुळे मोल्ड दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो, हे खर्चाच्या हिशेबात आधीच धरून ठेवावे. धावत्या लोकलच्या दारातून मशीन खाली पडल्याच्या कहाण्या आमच्या गटातच तीन आहेत. क्लिप आणि दोरी लावून ते शर्टाच्या कॉलरला अडकवणे हा त्यावरचा स्वस्त उपाय.

सकाळी मशीन लावल्यावर ते चालते आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. तिला डॅनियल लिंग या संशोधकाच्या नावाने ‘लिंग सहा ध्वनी चाचणी’ म्हणतात : आ, ऊ, ई, म, श, स. या सहांमध्ये बोलण्यातले जाड आणि बारीक असे जवळजवळ सगळे सूर येतात. नवीन आईला हे नुसते सांगून समजत नाही, करून दाखवावे लागते. आमच्याकडची एक आजी ते फार छान करते. मुलाला पाठमोरे बसवते, त्याच्या पुढ्यात पितळी वाटी आणि सहा ठोकळे ठेवते, आणि मागून तोंडावर पदर न घेता, नुसता हात आडवा धरून म्हणते, ‘‘म्‌म्‌म्‌.’’ ऐकू आले की मुलगा एक ठोकळा वाटीत टाकतो. पदर का नाही, तर कापडाने आवाज दबतो, आणि मग मशीन बिघडले की पदर आड आला हेच कळत नाही. ‘स’ला ठोकळा पडला नाही, तर ती तो दिवस कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करून ठेवते. सलग दोन-तीन दिवस खूण झाली तर ते कॅलेंडर घेऊनच ऑडिओलॉजिस्टकडे जाते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणदोष असलेली व्यक्ती कर्णबधिर, आणि ६० ते ७० डेसिबल असलेली कमी ऐकू येणारी मानली जाते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन करून नंतर ठरवून दिलेल्या रुग्णालयात तपासणीला जावे लागते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मुलांना श्रवणयंत्रे मिळतात आणि पात्र मुलांचे इम्प्लांटही होते. वांद्रे रिक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही इम्प्लांटच्या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. उत्पन्न आणि वय यांच्या अटी तिथेच विचाराव्यात, पण लवकर विचाराव्यात, कारण जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी वय फार महत्त्वाचे असते. दिव्यांगांसाठीच्या निरामय या सरकारी आरोग्य विम्यासाठी मात्र नुसत्या कर्णबधिरतेवर अर्ज करू नये. तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. आणि मशीन देणारी किंवा थेरपी करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे ना, हे विचारण्यात संकोच करू नये.

बोलणे की खुणा

या विषयावर पालकांचे गट फुटतात. आमचाही एकदा फुटता फुटता राहिला. वादाला इतिहास आहे : १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला आणि त्याचे परिणाम पुढे शतकभर जगभरच्या कर्णबधिर मुलांना भोगावे लागले, २०१० साली व्हँकुव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतल्या परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्याकडे २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, त्याने सांकेतिक भाषेचा शब्दकोशही तयार केला आहे.

माझे मत सांगायचे तर, मुलाला कोणती भाषा मिळते यापेक्षा पहिल्या काही वर्षांत एखादी तरी भाषा पूर्णपणे मिळते की नाही, हा प्रश्न मोठा आहे. ‘‘खुणा शिकवल्या तर तो बोलणारच नाही’’ ही भीती मलाही होती आणि त्यापायी मी माझ्या मुलाचे हात कित्येकदा धरून ठेवले आहेत. आज तो मराठी बोलतो आणि मित्रांशी खुणांनीही बोलतो. परंतु हे माझे मत आहे. गटात इम्प्लांट करून फक्त बोलण्यावर भर देणारी घरे आहेत आणि फक्त सांकेतिक भाषेत मुलांना वाढवणारीही आहेत, आणि बैठकीत एकाने दुसऱ्याला ‘‘तुम्ही मुलाचं नुकसान करताय’’ असे म्हटले तर गटप्रमुखाने तिथेच थांबवावे.

हा वाद सौम्य करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मोठ्या वयाच्या कर्णबधिर माणसांना बैठकीला बोलावणे. पुष्कळ पालकांनी कर्णबधिर मूल पाहिलेले असते, पण नोकरी करणारा, लग्न झालेला, मोटारसायकल चालवणारा कर्णबधिर माणूस जवळून पाहिलेला नसतो. बोलावताना दुभाषाची व्यवस्था आपण करावी, पाहुण्याला आणि दुभाषाला मानधन द्यावे, आणि बोलताना दुभाषाकडे न पाहता पाहुण्याकडे पाहावे. आमच्याकडे आलेल्या एका तरुणाने बालपणाविषयी एकच गोष्ट सांगितली : जेवताना घरातले सगळे हसायचे, तो का हसलात म्हणून विचारायचा, आणि त्याला नंतर सांगतो असे उत्तर मिळायचे; मग कोणी सांगायचे नाही. त्या रविवारी घरी गेल्यावर मी मुलाला विचारले, की आपल्याकडेही असे होते का. तो म्हणाला, रोज.

आपल्या आवाक्याबाहेरचे ओळखणे

मुलाच्या प्रगतीत अचानक खंड पडला, कानातून पाणी येऊ लागले, इम्प्लांटनंतर ताप व मान आखडणे अशी लक्षणे दिसली, तर गटात चर्चा न करता डॉक्टरकडे पाठवावे. आई जर ‘‘मला जगावंसंच वाटत नाही’’ असे म्हणाली, तर ते बोलण्याच्या ओघात आले असे समजून सोडून देऊ नये. तिला सरळ विचारावे, तिच्याजवळ कोणी आहे का ते पाहावे आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर तिच्यासोबत फोन लावून द्यावा. घरात मारहाण होत असेल तर आपण मध्यस्थ होऊ नये, जाणत्या संस्थेची गाठ घालून द्यावी.

मदत करणाऱ्या पालकाचीही एक मर्यादा असते. एका वेळी तीनपेक्षा जास्त नवीन कुटुंबे कोणाकडेही देऊ नयेत, स्वतःच्या मुलाची परीक्षा किंवा आजारपण असेल तेव्हा त्याने बिनदिक्कत रजा घ्यावी, आणि पैशांचा व्यवहार शक्यतो टाळावा. आम्ही चहाबिस्किटांसाठी डबा फिरवतो आणि त्याचा हिशेब भिंतीवर लावतो. मशीनसाठी देणगी द्यायची असेल तर देणाऱ्याने थेट दुकानाचे बिल भरावे, असे ठरवलेले आहे.

आमच्या मदतनीस पालकांकडे शंभर पानी वही असते. तिच्यात कुटुंबाचे नाव नसते, फक्त मुलाच्या नावाचे पहिले अक्षर, काय बोलणे झाले याच्या दोन ओळी आणि पुढच्या फोनची तारीख. माझ्या वहीत येत्या मंगळवारच्या पानावर ‘स’ लिहिलेले आहे. सात महिन्यांचे बाळ, मोल्डसाठी माप घेऊन झाले आहे, मशीन गुरुवारी मिळणार आहे, आणि आजीला अजून सांगितलेले नाही. फोन दुपारी दोननंतर करायचा आहे, तेव्हा ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते.